तायडीचं वीजघर

मोबाईलवर एका जुन्या कॉम्प्युटर गेमबद्दल लोकांची मतं वाचत होतो. कुणीतरी लिहिलं होतं, "लढाईपेक्षा परग्रहावर तळ बांधण्यातच खरी मजा." हे तर आमच्या तायडीचं मत!

वडीगोद्रीच्या कॉम्प्युटर क्लासात, चपला बाहेर काढून, उदबत्तीच्या वासात आम्ही दोघं भावंडं तो गेम खेळायचो. मला हल्ल्याची घाई. "थांब की, आधी वीजघर बांधू दे, मंग फौज," तायडी म्हणायची. एका दुपारी तिचं वीजघर उजळलं अन् गावातलीच लाईट गेली. काळ्या पडद्याकडं बघत ती हसली, "उद्या बराबर बांधू."

दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे आले. तिचा क्लास तिथंच सुटला.

आज फोन लावून तिला ते मत वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "कोणता गेम रे?"