भोकरच्या मांडवातला सत्कार

तुमच्या मावशीचा निळ्या जर्सीतला फोटो तुमच्या भिंतीवर आहे. ती मुलींना कशी शिकवते, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत. फोनवर मी विषय बदलला. आता क्रमाने लिहिते.

आधी तिचा खेळ, फुटबॉल. गोलकीपर अंगावर आली की बाकीच्या मुली घाईने चेंडू मारत. तुमची मावशी थांबायची. समोरची खाली पडेपर्यंत थांबायची, मग तिच्या बाजूने चेंडू आत ढकलायची आणि पडलेलीकडे वळूनही बघायची नाही. तिच्या काळात देशासाठी तिच्याइतके गोल दुसऱ्या कुणी केले नाहीत. गुडघा गेल्यावर ती एका मोठ्या संघाची मॅनेजर झाली. दोन हंगामांनी मुलींनीच तिच्याविरुद्ध अर्ज दिला. मग ती नांदेडला माझ्याकडे आली आणि जिल्ह्याचा मुलींचा संघ तिने हातात घेतला. इंग्रजीतले फॉर्म आणि याद्या माझ्याकडे आल्या.

त्या संघात भोकरची एक मुलगी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पुढे खेळणारी. राज्य स्पर्धेसाठीच्या निवड चाचणीच्या आठवड्यात तिचे वडील घरी आले. चप्पल दाराबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, लातूरकडचे पाव्हणे लई मागं लागून राहिलेत. पोरीचं नाव यादीत आलं तर म्या त्यायला दोन वर्षं थांबा म्हणतो. न्हाई आलं तर सोमवारी सुपारी फोडायची. मॅडमच्या कानावर घाला एवढं."

मी म्हणाले, "निश्चिंत राहा."

हे मी का म्हणाले, तेही सांगते. तुमच्या मावशीलाही याच वयात लातूरचं स्थळ आलं होतं. मुलीला दम्याचा त्रास आहे, असं मी पाहुण्यांना सांगितलं. भारताच्या संघाकडून धावणाऱ्या मुलीला दमा! पाहुणे चहा न पिता गेले. वेळेवर केलेल्या एका गोष्टीने मुलीचं काय होतं, हे मला ठाऊक होतं.

चाचणीच्या सामन्यात भोकरच्या मुलीपुढे फक्त गोलकीपर उरली होती. तिने चेंडू बाजूच्या मुलीला दिला. तो बाहेर गेला.

संध्याकाळी तुमची मावशी यादी सांगत होती आणि मी टाइप करत होते. भोकरचं नाव आलं नाही. मी सुपारीचं सांगितलं.

"आई, मी पुढे खेळणाऱ्या मुली निवडते. कुणाची लग्नं मोडत नाही."

"निदान राखीव म्हणून?"

"माझ्यासाठी तू खोटं बोललीस. तिच्या बापाला बोलू दे. त्याला तोंड आहे ना?"

राखीव खेळाडूंची शेवटची ओळ रिकामी होती. पाठवण्याआधी ती माझ्या पडद्यावर पाच मिनिटं तरी होती. मी पानाचे समास तपासले आणि यादी पाठवली.

सोमवारच्या सुपारीचं आम्हाला आमंत्रण आलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत नसेल. मांडवात कुणी मोठं माणूस आलं की कार्यक्रम थांबतो, माइकवरून नाव पुकारतात आणि शाल-नारळ देऊन सत्कार करतात. वडिलांनी स्वतः मावशीला शाल घातली. "आमच्या पोरीला मॅडमनी घडवलं," असं ते माइकवर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

मग "मॅडम, दोन शब्द" झालं. मावशीने माइक घेतला.

"मुलगी मेहनती आहे. पण गोल समोर असताना हिने पास दिला. अशी खेळाडू मला चालत नाही."

मग नवऱ्या मुलाचा चुलता ओरडला, "बेस झालं मॅडम! आमाला पास देणारी, ऐकणारीच पायजे!" सगळे हसले. वडीलही हसले, जरा उशिराने.

सुपारी फुटली. मुलगी एकेकाच्या पाया पडत आमच्यापर्यंत आली. वाकताना तिने खुर्चीचा हात धरला. तुमच्या मावशीच्या नजरेतून पाय सुटत नाहीत.

"डावा घोटा?"

"हाव, मॅडम."

"कधीपासून?"

"चाचणीच्या आदल्या दिवसापासून. त्या पायानं मारताच येईना, म्हणून पास दिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खेळवलं नसतं."

मला वाटलं, आता तरी ही दोन शब्द बरे बोलेल. तिने नारळ मांडीवरून काढून माझ्याकडे दिला.

"नसतंच खेळवलं," ती म्हणाली. "बर्फ लाव. आठ दिवस जमिनीवर बसू नकोस."

मुलीने मान हलवली. तेवढ्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी हाक मारली, आणि ती बायकांच्या पंगतीत वाढायला गेली. पंगत खालीच होती. प्रत्येक पानापुढे तिला वाकावं लागत होतं, आणि आमच्या पानात बुंदी तिनेच वाढली. तुमच्या मावशीने पुन्हा मागून घेतली. मीही नको म्हटलं नाही.