कुणी येतं का, बघू

रूथला मी शेवटचं भेटले ती नोएडातल्या हॉस्पिटलात. माझ्यादेखत तिने उशाजवळची घंटा दाबली. नर्स धावत आली, "क्या हुआ आंटी?" "कुछ नहीं, आप आती हैं कि नहीं, देख रही थी." नर्स वैतागली, मी ओशाळले आणि रूथ समाधानाने उशीला टेकली. आठवड्याभरात ती गेली… चर्चमधल्या प्रार्थनेनंतर आमच्या कारखान्याचे जुने मॅनेजरसाहेब भेटले. म्हणाले, "उनके टाइम में कभी कुछ हुआ ही नहीं." भल्या मनानेच म्हणाले असतील, पण माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. काही झालं नाही, ते काय आपोआप?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी दिल्लीत आलो, ती नगरहून, मी पुण्याहून. मुनिरकातल्या एका खोलीत राहायचो आणि पानिपतच्या रस्त्यावरच्या एकाच रसायनांच्या कारखान्यात नोकरीला जायचो. मी खरेदी विभागात, ती इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. देश नुकता खुला झाला होता, परदेशी भागीदार आले होते, आणि जो तो घाईत होता. रूथकडे रिअ‍ॅक्टरच्या तापमानाची राखण होती. आत सेन्सरची दांडी, तिला जोडलेला ट्रान्समीटर. तो तापमान कंट्रोल रूमला कळवणार, आणि ते हद्दीबाहेर गेलं की व्हॉल्व्ह बंद होऊन प्लांट आपोआप थांबणार. पण ती वेळ एरवी येतच नाही. मग त्या दिवशी हे सगळं चालेल कशावरून? मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, वायर सोडवून मीटरने खोटा सिग्नल द्या, कंट्रोल रूममध्ये आकडा हलला की झालं. रूथच्या मते हा बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. तिला सेन्सर बाहेर काढून गरम तेलात बुडवायचा होता, आणि व्हॉल्व्ह खरोखर मिटलेला डोळ्यांनी बघायचा होता. त्यासाठी दिवसभर उत्पादन बंद, आणि त्याच आठवड्यात परदेशी पाहुणे यायचे होते.

चाचणी झाल्याचा कागद पुढे सरकवत साहेबांनी तिला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं, "साइन कीजिए, नहीं तो पुणे का टिकट कटवा लीजिए." (मराठी माणूस म्हणजे पुण्याचा, असाच त्यांचा हिशोब.) रूथ म्हणाली, "सर, मैं नगर की हूँ. और साइन नहीं करूँगी." तिच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं, हे मला माहीत होतं. मी टेबलाखालून तिचा हात दाबला, तर तिने माझाच हात झटकला. तिच्या सहीशिवाय प्लांट पुढे चालवता येईना, म्हणून शेवटी साहेब नमले. सेन्सर तेलात गेला, पारा चढला, व्हॉल्व्ह धाडकन मिटला. सगळं जागच्या जागी! साहेब कुत्सित हसले, "देखा? सब ठीक था. खामखाह पूरा दिन गया." रूथ म्हणाली, "कल तक हम मान रहे थे, सर. आज पता है." त्या वर्षी तिची बढती हुकली. पुढच्या वर्षी सेन्सरच्या परीक्षेचा दिवस आला तेव्हा ती पुन्हा साहेबांच्या दारात उभी.

मी लग्न होऊन नोएडाच्या नव्या सेक्टरात आले, मग तीही जवळच राहायला आली. रविवारी आमच्याकडे जेवायला यायची ती लिफ्टमधली धोक्याची घंटा दाबूनच. गार्ड धापा टाकत यायचा, ही त्याला "शाबास" म्हणायची. माझ्या मुलांना तिची लाज वाटायची, शेजारी हसायचे. "आंटी खिसकी हुई हैं," असंही मी कानांनी ऐकलंय. हसा लेको…

परवा भाजी घेऊन येताना मी ती घंटा दाबली. आवाजच नाही. रूथ आजारी पडल्यापासून त्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. मी खुर्ची मागवली आणि लिफ्टच्या दारातच बसले. सोसायटीचे सेक्रेटरी आले, "आंटी, बाद में देख लेंगे. कोई फँसा थोड़े ही है." म्हटलं, "इसीलिए आज." लोक कुरकुरत जिने चढले. चढू देत. संध्याकाळी मेकॅनिक आला, काहीतरी बदललं, आणि मी बटण दाबलं. घंटा खणखणली, गार्ड पळत आला, "क्या हुआ मैडम?"

"कुछ नहीं," मी म्हटलं, आणि रूथचं पुढचं वाक्य काही मला बोलवेना. म्हणून पुन्हा एकदा दाबली.