गिरजाची पिवळी गाडी

त्या दिवशी दुपारी गिरजानं मला शेवटचं हरवलं. टँकर यायचा होता. आमच्या वस्तीला पाणी टँकरनं येतं आणि टँकर त्याच्या मर्जीनं येतो. म्हणून दुपारभर वाट बघत बसायचं, आणि बसायचंच तर टीव्हीसमोर बसायचं, हातात रिमोट धरून, गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून... असा आम्हा नवरा-बायकोचा नेम होता. तिची गाडी पिवळी, माझी गुलाबी. शेवटच्या फेरीला मी पुढं होतो, खरंच पुढं होतो, पण मागच्या फेरीला जिथं पूल होता तिथं या फेरीला पूलच नव्हता. मी सरळ नदीत. ती बाजूच्या कच्च्या उतारावरून निवांत गेली आणि भोंगा वाजवत रेघ ओलांडली. म्हणाली, "अवो, डोळे टीव्हीत ठेवा की. माझ्या तोंडाकडं काय बघता?" तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. नळी तिनं धरली, ड्रम मी सरकवले. पाणी भरून झाल्यावर ती ओट्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "जीव घाबरा होऊ राहिलाय जरा." मी आत तांब्या भरायला गेलो. बाहेर आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे... पण गिरजा नव्हती.

महिना होत आला. लोक येतात, बसतात, चहा पितात आणि म्हणतात, मावशी म्हणजे गरीब गाय. कधी आवाज नाही, कधी तोंड वर करून बोलणं नाही, देवमाणूस. मी ऐकून घेतो, पण माझं डोकं फिरतं. चाळीसच्या वर वर्षं मी त्या बाईबरोबर काढली. ती गाय नव्हती. ती जोरात बोलायची, जोरात हसायची, आणि उतारवयात टीव्हीवर गाड्या पळवायची आणि हरली की रिमोटला शिव्या द्यायची. मेलेल्या माणसाला धुऊन-पुसून भलतंच कोणीतरी करून टाकायची आपल्याकडं रीत आहे. मी ती पाळणार नाही. माझी बायको कोण होती ते मीच सांगणार. माझं शिक्षण चौथी. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी हरकत नाही.

आम्ही मेंढपाळ. गाव करमाडच्या अंगाला. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघायचं, वैजापूरच्या बाजूला, पुढं गोदाकाठाला, जिथं पाला-चारा मिळेल तिथं. लोकांना वाटतं मेंढपाळ पुढं चालतो आणि मेंढरं मागनं येतात. फोटोत तसं दिसत असेल. गिरजा कायम मागं चालायची. मागं राहिलं की सगळा कळप दिसतो, लंगडं कोणतं, चुकार कोणतं, पुढं काय आडवं आलंय ते सगळं कळतं. आणि आडवं काहीतरी यायचंच. दर साली नवीन. गेल्या वर्षी जिथं गवत होतं तिथं यंदा प्लॉटिंगचे दगड. जिथनं वाट होती तिथं कारखान्याची भिंत. शहर आमच्याकडं यायला लागलं होतं आणि येताना विचारत नव्हतं. एकदा मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि आमची वाट मातीच्या ढिगाखाली गेली. वॉचमन काठी आपटत म्हणाला, "इकडून जाता येणार नाही, परत फिरा." मी फिरायला लागलो. गिरजा म्हणाली, "वाट मेली म्हणून पाय मेले का आपले?" ती भरावाच्या कडंकडंनं बरीच लांब गेली, रस्त्याखालची पाण्याची मोरी हुडकली आणि वाकून सगळा कळप त्या मोरीतून पलीकडं काढला. पलीकडून वॉचमनला हात करून म्हणाली, "राम राम, दादा!" तो बिचारा हसला.

मग दुष्काळाची वर्षं लागली. एक साल नाही, सालामागून साल. विहिरी तळाला गेल्या, बाभळीसुद्धा वाळल्या. त्यात एका सुसाट गाडीवाल्यानं रोडवर आमची कोकरं उडवली, थांबला पण नाही. गिरजानं त्या कोकरांना हातानं उचलून कडेला ठेवलं आणि त्या गाडीच्या धुळीकडं बघत जे बोलली ते इथं छापता येणार नाही. त्याच उन्हाळ्यात मेंढरं विकली. मी रोजंदारीवर जायला लागलो. ती घरात. उभ्या जन्मात घरात न बसलेली बाई... हात नुसते मांडीवर पडलेले. भिंतीकडं तोंड करून बसायची. मी बोललो तर "हं" म्हणायची. ती गरीब गाय झाली असेल तर त्या तेवढ्या काळात. बाकी कधी नाही.

गेमचं यंत्र आमच्या मुलाचं, दत्ताचं. लग्नाआधी त्यानं हौसेनं घेतलेलं. नोकरीला पुण्याला गेला तेव्हा तिकडं खोली लहान म्हणून इथंच टीव्हीखाली राहिलं. एकदा सुट्टीला आला, टँकरची वाट बघताना त्यानं ते लावलं. गिरजा भिंतीकडं तोंड करून होती. गाड्यांचा आवाज आला तशी वळली. बघत राहिली. लहान लहान उघड्या गाड्या, रस्त्यावर पळतायत, आणि दर फेरीला रस्ताच बदलतोय. पहिल्या फेरीला माळ, दुसऱ्या फेरीला तिथं पाणी भरलेलं, तिसऱ्या फेरीला भिंत उभी. दत्ता म्हणाला, "अवघड आहे हा गेम, आई. पाठ करून जमत नाही, रस्ता ऐनवेळी बदलतो." त्यावर ती म्हणाली, "त्यात अवघड काय? आपलंच हाय हे. आण इकडं."

त्या गेममध्ये गाडी आपल्या मनासारखी बांधता येते. चाकं वेगळी, धड वेगळं, रंग वेगळा. दत्तानं तिला चपटी, पळणारी गाडी दाखवली. तिनं नाक मुरडलं. ट्रॅक्टरसारखी रुंद चाकं घेतली. रंग पिवळा, भंडाऱ्याचा. आणि भोंगा सगळ्यात मोठा, रेल्वेचा. दत्ता म्हणाला, "आई, भोंग्यानं गाडी जोरात पळत नाही." ती म्हणाली, "नको पळू दे. जन्मभर दुसऱ्यांचे भोंगे ऐकले, आता माझा ऐकू दे." मला गाडी बांधायचं जमेना, म्हणून जी आली ती घेतली. ती निघाली गुलाबी, वर फुलं. बदलून दे म्हणालो तर म्हणे, "राहू द्या, तुमाला शोभून दिसती."

शेजारच्या शकीला भाभीही खेळायला यायच्या. शहरातल्या लष्करी छावणीच्या बाजारात शिवणकाम करायच्या, गुडघे गेल्यावर घरी बसलेल्या. त्या खेळण्यात लबाड. मागच्याच्या वाटेत तेल सांडायची सोय असते, ती त्यांची लाडकी. गिरजा ओरडायची, "भाभी, घरी फोडणीला चमच्यानं तेल घालता, इथं डबा ओतता व्हय!" भाभी म्हणायच्या, "अरे बाई, ये फुकट का है ना!" दोघी हसून हसून टेकायच्या आणि टँकर येऊन गेला तरी पत्ता लागायचा नाही. मग पाण्यावाचून राहायचं. राहिलो. एकदा दत्ताच्या सासरची मंडळी आली, त्यांनी हे बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "या वयात जप करावा माणसानं." गिरजानं रिमोट खाली ठेवला नाही. म्हणाली, "तुमी करा की, बाई. माझी फेरी संपली की चहा ठेवते."

आता गणपतीतलं सांगतो. माझा पुतण्या पुंडलिक आमच्या मंडळाचा अध्यक्ष. पोरगा चांगला, पण फ्लेक्सवर फोटो लागायची हौस मोठी. त्या वर्षी त्यानं मोठ्या पडद्यावर हाच गेम लावून स्पर्धा ठेवली. गिरजा नाव द्यायला गेली. तो म्हणाला, "काकू, रांगोळीत नाव द्या. पाककला पण हाय."

"रांगोळी सकाळी झाडून टाकतेत. गाडीत घे."

"ते पोरांचं हाय, काकू. लोकं हसतील."

"लोकांना हसायलाच मंडप घातलाय ना तू? आणि तू मला शिकवायला मोठा कधी झाला? तुझं नाक माझ्या पदराला पुसलंय मी."

मंडपात सगळे हसले, आणि पुंडलिकनं नाव लिहून घेतलं.

गिरजा नऊवारी नेसून, खुर्चीवर मांडी घालून बसली. बाजूला सगळी कॉलेजची पोरं. शिट्टी झाली, पोरं सुटली, आणि गिरजा मागं. मुद्दाम मागं. लोक ओरडायला लागले, "मावशी, दाबा की!" मी म्हणालो, गप बसा, ती बघतीय. दुसऱ्या फेरीला वाटेत भिंती उठल्या. पाठ करून आलेली पोरं धडाधड आपटली. गिरजा रुंद चाकांवर कडंकडंनं, नाल्यातून, भरावावरून एकेकाला मागं टाकत गेली. शेवटच्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढं! मंडप उभा राहिला. शकीला भाभी ओरडत होत्या, "चल मेरी शेरनी!" आणि रेघ दिसायला लागली तेवढ्यात रस्त्यावर मेंढ्या आल्या. त्या गेममध्ये तसं आहे, मधेच मेंढ्या आडव्या येतात. पोरं त्यांना उडवून जातात, मेंढ्या फुग्यासारख्या वर जातात, काही होत नाही. सगळा मंडप ओरडला, "उडवा, मावशी, उडवा!"

गिरजानं अंगठा उचलला. गाडी थांबली. भोंगा वाजवला आणि मेंढ्या जायची वाट बघत राहिली. एक मेंढी राहिली होती मागं, रेंगाळत. तिच्यासाठी पण थांबली. दोन पोरं बाजूनं निघून गेली. गिरजा तिसरी आली.

पुंडलिक कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, काय केलं हे! खोट्या मेंढ्या हायेत त्या!"

गिरजा म्हणाली, "मेंढ्या खोट्या हायेत ते मला बी कळतं. अंगठा तर खरा हाय ना माझा?"

त्यावर लोक हळहळले. अरेरे, जिंकली असती बिचारी. वाटेवर दोन-तीन बायकांनी तिचा हात धरून तसंच म्हटलं. तेव्हा मात्र ती चिडली. "बिचारी कशाची? तिसरी आले मी. मागं सगळी पोरं व्हती, ती बघितली नाय का कुणी?" घरी येऊन हातपाय धुतले आणि परत गेम लावला. मेंढ्या कुठून निघतात, लांबून भोंगा दिला तर लवकर सरकतात का, ते बघायला लागली. सरकत होत्या. दुपारभर तेच. म्हणाली, "पुढच्या गणपतीत एक बी मेंढी न उडवता पयली येते. नाय आले तर नाव बदला."

त्याच तयारीत होती ती. गणपतीला अजून अवकाश होता... ती नाही थांबली.

गेली त्याच दिवशी रात्री उशिरा सगळं उरकलं. दत्ता पुण्याहून धावत आला, त्यानंच अग्नी दिला. माणसं जमली. टीव्हीवर कोणीतरी चादर टाकली. दत्ता माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, "आबा, दहा दिवस पाहुणे येणार. आई गेम खेळायची वगैरे बोलू नका कोणाजवळ. मागं बरं दिसत नाही." तो रडत होता, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आईच्या मायेनंच बोलत होता. पण मला वाटलं, हिला आता दुसऱ्यांदा घरात बसवतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आलो तर चौकात फ्लेक्स लागलेला. पुंडलिकनं रातोरात छापून आणला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली पुंडलिकचा हात जोडलेला फोटो, मंडळाच्या पोरांचे फोटो, आणि वर मधोमध गिरजा. फोटो कुठल्याशा लग्नातला, डोक्यावरून पदर घेतलेला, घाबरल्यासारखी बघतीय. नावाखाली लिहिलं होतं: शांत, सोशिक, धार्मिक. मी ते दोनदा वाचलं. तीन शब्द, आणि त्यांत माझी गिरजा कुठं दिसेना.

सुतकात असं घराबाहेर फिरू नये म्हणतात. मी परत गेलो, माळ्यावरून रंगाचा डबा काढला. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा तांबडा ऑइलपेंट, वर साय धरलेली, खाली ओला. काठीला चिंधी गुंडाळली. चौकात रसवंतीवाल्याचं स्टूल पडलं होतं, त्यावर चढलो. माणसं थांबली. दत्ता अनवाणी पळत आला, "आबा, उतरा, लोक बघतायत!" पुंडलिक आला, "काका, फ्लेक्स खराब व्हईल, आवं काका!"

मी म्हणालो, "खराब झालाय तोच नीट करतोय. वाचता येतं ना लोकांना? मग वाचू दे."

सोशिक वर काट मारली. शांत वर मारली. धार्मिक राहू दिलं, खंडोबाला ती मानायची, खोटं कशाला बोलू. मग जागा बघून खाली मोठ्या अक्षरात लिहायला लागलो. ओळ खाली उतरत गेली, शेवटची अक्षरं पुंडलिकच्या फोटोवर गेली. शकीला भाभी किटली घेऊन आमच्याकडंच निघाल्या होत्या, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. त्या खाली उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून सगळं बघितलं. मग दत्ताला म्हणाल्या, "बेटा, स्टूल पकड़ ना बराबर. अब्बा गिर जाएंगे."

दत्तानं स्टूल धरलं. आणि मी पुरं केलं:

गाड्यांच्या शर्यतीत तिसरी. मागं सगळी पोरं.