विरजण कसलं आहे?

गेल्या मार्चमध्ये आमच्या कंपनीने एका युरोपीय चीजच्या लेबलवरून ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द काढला. त्याआधी जवळपास वर्षभर त्या शब्दाखाली जे विकलं गेलं, ते शाकाहारी नव्हतं.

कंपनी न्यू जर्सीत चीज आयात करते. मी तिथे क्वालिटी विभागात आहे. हे चीज मेंढीच्या दुधाचं, संरक्षित नावाचं. म्हणजे ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या नियमांनी बनवलं तरच त्याला ते नाव लावता येतं. त्या नियमांत एक कलम होतं: दूध फक्त एका काटेरी रानफुलाच्या अर्काने घट्ट करायचं. एरवी बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये त्यासाठी रेनेट वापरतात. ते वासराच्या जठरातून मिळतं.

नाव संरक्षित असतं. नियम बदलतात. उत्पादकांचा संघ कारणं देऊन अर्ज करतो आणि दुरुस्ती मंजूर होते. इथे कारण होतं की फुलं पुरेशी मिळत नाहीत आणि त्यांचा जोर दर हंगामात वेगळा पडतो. दुरुस्तीनंतर रेनेटही चालू लागलं. नाव आणि त्या नावाचा अधिकृत शिक्का तोच राहिला. दुरुस्तीचा मेल आमच्या खरेदी विभागात आला आणि तिथेच थांबला.

फरक चवीत पडला. फुलांमुळे येणारा कडवटपणा गेला. लोकांना ते आवडलं, विक्री वाढली.

आमच्याकडून हे चीज घेणाऱ्या सुलभामावशी न्यू जर्सीतल्याच पिस्कॅटवेत केटरिंग करतात. त्यांच्या किचनमध्ये अंडंही येत नाही आणि गिऱ्हाईक त्याच भरवशावर येतं. चीज कडू लागेनासं झालं तेव्हा त्यांनी आमच्या सेल्समधल्या समीरला फोन केला. विरजण बदललंय का, कसलं आहे, असं विचारलं. समीरने उत्पादकाला लिहिलं, ‘कल्चर’ बदललं का? उत्तर आलं, नाही, तेच आहे, शाकाहारीच आहे. ते खरं होतं. कल्चर म्हणजे दूध आंबवणारे जिवाणू. दूध घट्ट करणारा पदार्थ वेगळा, आणि तो कोणी विचारलाच नव्हता.

समीरने हा किस्सा लंचला सांगितला.

“माल चांगला झाला म्हणून कम्प्लेंट, यार. मावशींना चीज कडूच पाहिजे.”

मी विचारलं, “रेनेटचं विचारलंस का?”

“विरजण म्हणजे कल्चरच ना? घरी दह्याला आपण तेच लावतो.”

मी उत्पादकाला रेनेटबद्दल लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं: वासराचं, नव्या नियमांप्रमाणे.

मीटिंगमध्ये खरेदी विभागाचे प्रमुख ग्रेग म्हणाले की नाव तेच आहे, शिक्का तोच आहे, चीज कायदेशीर आहे. लेबल बदलायचं ठरलं. ग्राहकांना कळवायचं नाही, असंही ठरलं. कळवलं पाहिजे, असं मी लेखी दिलं. उत्तर आलं नाही. शनिवारी मी मावशींच्या किचनमध्ये गेले.

त्या पुऱ्यांचं पीठ मळत होत्या. मी त्यांना वासराच्या रेनेटचं सांगितलं.

“मी त्याला मराठीत विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “विरजण कसलं आहे. दूध ज्याने जमतं ते. यात न कळण्यासारखं काय होतं?”

“इंग्लिशमध्ये त्याला दोन शब्द आहेत, मावशी.”

“आणि लेबलवर एकच होता. तो तर मला वाचता येत होता.”

गिऱ्हाइकांना सांगायलाच हवं असं नाही, असं मी म्हणाले. त्यांनी पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि फोन घेतला.

पहिला फोन मे महिन्यातल्या एका लग्नघरी होता. मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. साखरपुड्याचं जेवणही मावशींचंच होतं.

“साखरपुड्याला तेच होतं का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी खरं सांगितल्याबद्दल आभार मानले आणि लग्नाची ऑर्डर कॅन्सल केली. त्या आठवड्यात आणखी काही घरांनी तेच केलं. मावशींनी आमच्याकडून माल घेणं बंद केलं. आमच्या कंपनीने त्यांना काही कळवलं नाही.

ते लग्न ठरल्या दिवशी झालं. जेवण दुसऱ्या व्हेजिटेरियन केटररकडे होतं. त्याने चीज आमच्याकडून घेतलं, तेच, नव्या लेबलचं. समीर म्हणाला, विरजणाबद्दल त्या केटररने काही विचारलं नाही.