न्हाव्याचं उत्तर

अक्कांच्या नखांत कायम वाळलेली खळ असायची. मुरुडच्या आमच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल, मी त्यांची मदतनीस. फाटलेलं पुस्तक नजरेला पडलं की त्यांच्या हातातला चहा निवून जायचा.

एकदा वाळवी लागलेली पुस्तकं रद्दीत काढायचं ठरलं. त्यांत भुताखेतांच्या विनोदी गोष्टींचं एक जुनं, चित्रांचं पुस्तक होतं. मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं नावही नाही. अध्यक्ष म्हणाले, "अक्का, भुतं कोण वाचतंय आता?"

अक्कांनी पुस्तक पदराखाली घेतलं. "वाचून वाचून फाटलंय हे. कुणी हात न लावलेली लई हायेत कपाटात, ती न्या."

पानं त्यांनी चिकटवली, पण एका गोष्टीचा शेवटच वाळवीनं खाल्ला होता. मुंज्या न्हाव्याकडून डोकं करून घेतो. न्हावी आरसा धरतो, तर आरशात नुसता मागचा पिंपळ. मुंज्या विचारतो, "कसा दिसतोय मी?" पुढे भोक.

मी म्हटलं, "तुम्हीच लिहा की दोन ओळी."

अक्का चिडल्याच. "मनचं घालायचं न्हाई. ज्यानं वाचलंय, त्यालाच इचारायचं."

महिनाभर चौकशी केल्यावर कळलं, की इथल्या शाळेतले एक गुरुजी हे पुस्तक वर्गात वाचून दाखवायचे. आता ते नायगावला लेकीकडे होते. अक्का एसटी बदलत दोनदा गेल्या, हात हलवत परतल्या. तिसऱ्यांदा मीही गेले.

लेक म्हणाली, "बाबा आता माणसंबी वळखत न्हाईत, अक्का. कशाला हेलपाटे घालून राहिलात?"

अक्कांनी न्हाव्याचं चित्र गुरुजींच्या मांडीवर उघडलं. गुरुजींनी त्यावरून बोट फिरवलं आणि एकदम हसले. "न्हावी कायतरी बोलला... अन् मुंज्या असा लाजला, पळत जाऊन हिरीतच पडला!"

"काय बोलला न्हावी?" अक्का पुढे सरकल्या.

गुरुजींनी डोळे मिटले. डोळ्यांत पाणी आलं. "लई मजेशीर होतं. आठवंना."

अक्कांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या, गुरुजी. मुंज्या तर घावला."

घरी येऊन त्यांनी तो शेवट कोऱ्या कागदावर लिहिला, पुस्तकात शिवला. न्हाव्याच्या उत्तरासाठी दोन ओळींची जागा सोडली.

गुरुजी त्याच उन्हाळ्यात गेले, अक्का मागच्या वर्षी. ती जागा अजून कोरी आहे. वाचनालयात कुणी म्हातारं माणूस आलं की मी आधी खुर्ची देते. मग ते चित्र पुढे ठेवून विचारते, "आठवतंय का, न्हावी काय म्हणाला?"