मधली दहा मिनिटं

आमच्या शाळेत घंटा देणाऱ्या मावशी शाळा सुटल्याची घंटा रोज दोनदा देतात. इमारत एकच, पण दंगलीनंतर पुढाऱ्यांनी तिच्या दोन शाळा केल्या. डावीकडे एका समाजाची पोरं, उजवीकडे दुसऱ्याची. इतिहासाची पुस्तकंही वेगळी, फाटकंही वेगळी. पोरं एकमेकांसमोर यायला नकोत, म्हणून दोन घंटांमध्ये दहा मिनिटांचं अंतर. चौदा वर्षं मावशींचा जीव त्या घड्याळात अडकलाय. मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी दोन्ही मुख्याध्यापक धावत येतात, जणू मावशींनी वाघच सोडले!

यंदा मावशींची नात सहा वर्षांची झाली. मावशी डावीकडच्या समाजातल्या, जावई उजवीकडचा. त्यामुळे दोन्ही साहेब गोड बोलून विचारतात, "मावशी, नात आमच्याकडेच ना?" मावशी नुसत्या हसतात. नाव कुठेही घाला, अर्धे नातेवाईक तोंड फिरवणार. आठवडाभर प्रवेशाचा अर्ज कोराच पिशवीत होता.

काल अर्जाचा शेवटचा दिवस. मावशी नातीला घेऊनच आल्या. पहिली घंटा झाली, डावीकडची पोरं गेली, ते फाटक त्यांनी बंद केलं; उजवीकडचं अजून उघडायचं होतं. दुसऱ्या घंटेची वाट बघत दोघी रिकाम्या पटांगणात उभ्या राहिल्या.

"आजी, मी कुठल्या घंटेला सुटणार?"

मावशींनी घड्याळात पाहिलं.

"मी आत्ता सुटेन," नात म्हणाली. "आत्ता कुणी भांडायला नाहीये."

मावशींनी दोन्ही फाटकांकडे पाहिलं. दोन्हींना कुलूप होतं, आणि ते त्यांनीच घातलं होतं.