बायनं वळलेली दावी

"फोटो झाला ना? आता सोड ते दावं," साहेब माझ्या बहिणीला म्हणाले.

बायनं सोडलं नाही. दावी तिनंच वळली होती. सरकार अनुदानात बैलजोडी देणार म्हटल्यावर अंबाडी सोलून, मांडीवर वळून वळून केली होती. झोपडीला लागून गोठा शाकारला होता. स्वतःचे बैल नव्हते म्हणून दरवर्षी आधी मालकाच्या शेतात राबायचं, मग त्याचे बैल मिळायचे. तोवर तिच्या तुकड्यातली लावणी मागं पडायची. यंदा तसं होणार नव्हतं.

"साहेब, बैल मना दिलं ना?"

"दिले की. अंगठा केलास ना? झालं मग."

बैलांचा व्यापारी हसला. "पुढच्या वाडीत पण लग्न आहे या बैलांचं."

मी तिथंच उभा होतो. साहेबांच्याच ऑफिसात शिपाई. जन्म बायच्याच वाडीतला. बदलापूरला मोळ्या विकून बायनं मला शिकवलं. आता मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये खोली घेतली होती. पँटला इस्त्री होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

ती माझ्याकडं बघत होती. साहेबांनी ते पाहिलं.

"ही तुझी कोण रे?"

"कोणी नाही, साहेब. वाडीतली आहे."

बायनं दावं सोडलं. लगेच.

पुढच्या वाडीत तेच बैल टेंपोतून उतरवले. गळ्यात बायचीच दावी. एका म्हातारीनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. फोटो झाला. साहेब मला म्हणाले, "सोडव."

हात गाठीपर्यंत गेला. पुढं जाईना.

"नाही सोडवणार. हे बैल माझ्या बहिणीचे आहेत."

साहेब हसले. "बहीण? सकाळी तर कोणी नव्हती."

सगळे हसले. म्हातारीसुद्धा, काही न कळता. व्यापाऱ्यानं बैल टेंपोत चढवले, दावी काढून माझ्या अंगावर फेकली. "घे, तुझा आहेर."

संध्याकाळी चालत वाडीवर गेलो. बाय गोठ्याचा पेंढा उतरवत होती.

"बाय, दावी आणली."

तिनं वळूनही पाहिलं नाही. "मी कोणी नाय ना तुझी? मग कोणाला द्याला आलास?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. साहेबांना चहा दिला. साहेब बदलत गेले, मी निवृत्त होईपर्यंत चहा देत राहिलो. बाय कधी बियाण्यासाठी यायची, कधी खतासाठी. "तुला बैल दिलेत. एकाच घराला किती द्यायचं?" असं तिला ऐकवलं जायचं तेव्हा मी दारातच स्टुलावर असायचो. शेवटी तिनं येणं सोडलं. मेली तेव्हाही मालकाच्याच शेतात राबत होती.

तिचा मुलगा कॅम्प तीनमध्ये जीन्स रंगवतो. नखं कायमची निळी. मागं तो कसल्याशा योजनेचं विचारायला ऑफिसात गेला होता. तिथून परस्पर माझ्याकडं आला. पाणीही न पिता विचारलं, "मामा, आईनं सरकारचे बैल विकून खाल्ले? ते लोक तसं बोलतात."

नाही. तिनं एक दिवससुद्धा ते बैल जुंपले नाहीत.

येत्या ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. साहेब कोण, व्यापारी कोण, एकच जोडी कुठल्या कुठल्या वाडीत फिरवली, नावानिशी सांगणार आहे. पेन्शन गेली तरी चालेल. पण सुरुवात त्यांच्यापासून करणार नाही. आधी माझं सांगेन. ती माझी बहीण होती, आणि मी "कोणी नाही" म्हणालो.